नववीच्या वर्गाने वाचलेलं ग्रामपंचायतीचं ऑडिट

जून २०२३ ते जानेवारी २०२४ या आठ महिन्यांत नववीच्या ३२ मुलामुलींनी आपल्याच गावच्या ग्रामपंचायतीची लेखापरीक्षण टिपणी, म्हणजे ऑडिटचा अहवाल, मिळवली, वाचली, तिच्यातले आकडे पडताळले आणि ग्रामसभेपर्यंत नेली. सोबत आम्ही दोघं होतो. एक गणित शिकवणारी आणि एक स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागातून निवृत्त झालेला. दुसऱ्या एखाद्या शाळेला हे करायचं असेल तर कुठे अडतं, किती दिवस लागतात, काय मागायचं आणि काय मागायचं नाही, ते लिहून ठेवतो आहोत. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. आक्षेप बहुतेक गावांत हेच असतात.

सुरुवात पंचायतीपासून केली नाही, मुलांच्या खिशापासून केली. १९ जूनला प्रत्येकाला चाळीस पानी वही दिली. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, रोज झोपायच्या आधी शिल्लक मोजून लिहायची. पहिला आठवडा असा गेला. दुसऱ्या आठवड्यात सांगितलं की रोज काहीही लिहू नका, रविवारी रात्री सातही दिवसांचं एकदम लिहा. दोन्ही पानं शेजारी ठेवल्यावर फरक लपत नव्हता. दुसऱ्या पानावर ‘इतर’ नावाची ओळ जन्माला आली होती आणि तिच्यात बराच पैसा बसला होता. वडापाव, रिचार्ज, पेनाची रिफिल सगळं दहा-वीसच्या पटीत. काही वह्यांची शिल्लक मात्र अगदी पैशाला पैसा जुळत होती. त्या वह्या आम्ही बाजूला काढल्या. एकाच पेनाने, एकाच दमात, गोल आकड्यांत लिहिलेला आणि तंतोतंत जुळणारा हिशेब पाहिला की लेखापरीक्षक पान उलटत नाही, तिथेच थांबतो. मुलं हसली आणि कबूलही झाली. शिल्लक आधी लिहिली, खर्च मागून बसवला. हा खेळ दोन आठवड्यांचा आहे. तो टाळून थेट टिपणी हातात दिली तर पुढचं काही समजत नाही, असं आमचं मत झालं आहे.

व्याज, बचत, विमा यांसाठी राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या कार्यपुस्तिका वापरल्या. त्याबद्दल इथे लिहीत नाही, त्या सहज मिळतात.

२४ जूनला, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे तीन गावांचा कारभार, आमच्या गावात ते मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. म्हणजे हा फेरा वाया. मंगळवारी पुन्हा गेलो. टिपणी बघायला मिळेल का, विचारलं. ते म्हणाले, “मॅडम, अर्ज द्या. तुम्हालाही बरं, मलाही बरं.” त्यात टाळाटाळ नव्हती. तोंडी दाखवलेला कागद उद्या कुणाच्या तरी मोबाइलवर फिरला तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. अर्ज असला की कागद कुणाला, कधी, का दिला याची नोंद राहते.

माहिती अधिकाराचा अर्ज ३ जुलैला दिला. साध्या कागदावर जोडपत्र ‘अ’ (अर्जाचा ठरलेला नमुना), त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पत्ता ‘जन माहिती अधिकारी तथा ग्रामसेवक’ (तेव्हाचं पदनाम). महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांपर्यंतच मजकूर चालतो. मुलांनी आधी लिहिलं होतं, ‘ग्रामपंचायतीचे सर्व हिशेब मिळावेत.’ अशा अर्जाला एकतर गठ्ठा येतो किंवा ‘माहिती मोघम आहे’ असं उत्तर येतं. म्हणून विषय ठेवला ‘सन २०२०-२१ चे लेखापरीक्षण’ आणि त्याखाली पाच कागद नावानिशी मागितले: त्या वर्षाची लेखापरीक्षण टिपणी, आक्षेप पूर्तता नोंदवही (कोणत्या आक्षेपाला काय उत्तर दिलं त्याची वही) म्हणजे नमुना ३०, मार्च २०२१ ची सामान्य रोकड वही म्हणजे नमुना ५, त्याच महिन्याचा बँक पासबुकाचा उतारा, आणि टिपणी ज्या ग्रामसभेपुढे ठेवली तिचं इतिवृत्त. नमुन्याचा क्रमांक घातला की शोधणाऱ्याचे कष्ट वाचतात आणि ‘असा कागद नाही’ म्हणायला जागा उरत नाही. पंचायतीचे नमुने, म्हणजे हिशेब ठेवायचे ठरावीक फॉर्म, १ ते ३३ आहेत, त्यांची यादी वर्गात चिकटवून ठेवा. कर आकारणी आणि कर मागणीच्या नोंदवह्या, नमुना ८ आणि ९, मात्र मागू नका. त्यात घरोघरची नावं आणि थकबाकी असते. मुलांच्या हातात शेजाऱ्याची थकबाकी पडली की शिक्षण संपतं आणि भांडण सुरू होतं.

उत्तर २८ जुलैला आलं, तीस दिवसांच्या मुदतीच्या आत. ४६ पानं, पानाला २ रुपये, ९२ रुपये भरा. ३१ जुलैला भरून पावती घेतली. पैसे भरण्याचं पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत, त्यामुळे पत्र आलं की लगेच भरा. प्रती ७ ऑगस्टला मिळाल्या. टिपणीची १८ पानं, रोकड वहीची १४, पासबुकाची ३, नमुना ३० ची २ आणि इतिवृत्ताची ९. रोकड वहीची चार पानं निळ्या शाईमुळे झेरॉक्सला फिकट आली होती. ती भाऊसाहेबांसमोर बसून मूळ वहीवरून पेन्सिलीने गडद केली.

वाट बघण्याच्या महिन्यात ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ उघडायला शिकवलं. वर्ष, राज्य, जिल्हा, पंचायत समिती, ग्रामपंचायत असं निवडत गेलं की योजनानिहाय जमा आणि खर्च दिसतो. वित्त आयोगाच्या पैशातून बिल देताना एकजण नोंद करतो आणि दुसरा डिजिटल सहीने मंजूर करतो, हेही तिथेच समजावता आलं. घरात असं कुणी करतं का, असा प्रश्न एका मुलीने विचारला आणि तिच्याच घरात ते होतं असं तिनेच सांगितलं. भिशीचे पैसे आई मोजते, वहीवर सही आजी करते.

टिपणी वाचायला सहा शनिवार लागले. पहिला शनिवार एका शब्दात गेला. “सर, आक्षेप म्हणजे चोरी ना?” प्रत्येक तुकडीला हा प्रश्न पडणार, तेव्हा तो आधीच घ्या. टिपणीतले बहुतांश परिच्छेद कागद अपुरा असल्याचे असतात. प्रमाणक (व्हाउचर) आहे पण पावती नाही. काम झालं पण मोजमाप वहीत नोंद नाही. साहित्य आलं पण साठा नोंदवहीत चढवलं नाही. यांतल्या कशातही चोरी असू शकते, नसूही शकते. ती नाही हे दाखवायची जबाबदारी हिशेब ठेवणाऱ्याची, एवढंच आक्षेप सांगतो. ‘वसूलपात्र’ असा शेरा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रक्कम, कारण आणि कुणाकडून वसूल करायची ते लिहिलेलं असतं. मुलांनी आक्षेपाधीन रकमेला पिवळा आणि वसूलपात्र रकमेला लाल रंग दिला. १२ परिच्छेदांत लाल दोनच निघाले, तेव्हा वर्गाचा थोडा हिरमोड झाला.

मग चार तारखा फळ्यावर लिहिल्या. वर्ष संपलं ३१ मार्च २०२१. लेखापरीक्षण सुरू झालं १४ नोव्हेंबर २०२२. टिपणी पंचायतीला मिळाली फेब्रुवारी २०२३. पूर्ततेची तारीख रिकामी. पहिल्या दोन तारखांमधले दिवस मोजायला सांगितले. ५९३.

आकड्याने कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते परिच्छेद सातमुळे. २०२० च्या पावसाळ्यात, करोनाच्या साथीत, पंचायतीने सोडियम हायपोक्लोराइट (जंतुनाशक), मास्क आणि आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथिक गोळ्या घेतल्या होत्या. उपभोग्य वस्तूंच्या साठा नोंदवहीत, नमुना १५ मध्ये, नोंद नाही आणि वाटपाच्या सह्या नाहीत, असा आक्षेप. ही मुलं तेव्हा सहावीत होती. गोळ्यांची बाटली त्यांच्याच घरी आली होती. म्हणजे वर्गात ३२ साक्षीदार. किती बाटल्या आल्या, विचारलं. कुणी एक म्हणालं, कुणी दोन, कुणी माणशी एक. कुणी दिल्या? आशाताईंनी. नाही, अंगणवाडीताईंनी. नाही, सदस्य स्वतः आले होते. सही घेतली होती का, यावर वर्गात शांतता. सही घेतली असेल तर तो कागद आज कुणाकडे आहे, हे सांगणारं कुणी नव्हतं. तेव्हाचे ग्रामसेवक दुसऱ्या तालुक्यात बदलून गेले होते आणि प्रभार देताना करायच्या यादीत ही फाइल नव्हती. रविवारी रात्री लिहिलेली वही आणि हा परिच्छेद यांतलं नातं मुलांनी न सांगता जोडलं.

उशीर का होतो, यावर दोन शनिवार घालवले आणि ते वसूल झाले. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती, त्यांचं लेखापरीक्षण जिल्ह्याच्या स्थानिक निधी कार्यालयाकडून होतं, आणि एकेका पथकाकडे गावांची लांब यादी असते. ही झाली लेखापरीक्षकाची बाजू, जी नेहमी सांगितली जाते. दुसरी बाजू गावात असते. पासबुक भरून आणलेलं नसतं. रोकड वहीची बेरीज पुढे नेलेली नसते. ऑनलाइन महिना बंद केल्याशिवाय पुढचा महिना उघडत नाही, आणि एक न जुळणारी नोंद सापडेपर्यंत सगळं तुंबतं. पथक येतं, दोन वह्या मिळत नाहीत, टिपणीत ‘अभिलेख उपलब्ध करून दिले नाहीत’ असा परिच्छेद पडतो आणि तोच परिच्छेद पुढच्या वर्षी ‘मागील प्रलंबित’ म्हणून परत छापला जातो. निवृत्त माणसाचा अनुभव असा की गावाकडून होणारा उशीर जास्त असतो, आणि तो कमी करायला पैसे लागत नाहीत.

पैशाचा संबंध मुलांना पंधराव्या वित्त आयोगाच्या अटीवरून समजला. मागच्या वर्षाचे तात्पुरते हिशेब आणि त्यामागच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन जाहीर असले पाहिजेत, ही अनुदानाची अट होती. २०२१-२२ आणि २०२२-२३ मध्ये राज्यातल्या किमान २५ टक्के स्थानिक संस्थांनी ती पाळली तरी चालणार होतं. २०२३-२४ पासून ज्या संस्था पाळतील त्यांच्यापुरतंच अनुदान. ‘मागचं’ आणि ‘त्यामागचं’ यात हमखास गोंधळ होतो, म्हणून काळरेषा काढा: २०२३-२४ साठी २०२२-२३ चे तात्पुरते आणि २०२१-२२ चे लेखापरीक्षित. या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. नळाला पाणी आणि रोकड वहीची बेरीज एकाच वाक्यात आणायला याहून सोपी वाट आम्हाला मिळाली नाही.

गणिताचे तास दोन परिच्छेदांवर झाले. खऱ्या रकमा न घेता सोप्या घेतल्या. पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न ८,४०,००० रुपये धरलं तर मागासवर्गीयांसाठी १५ टक्के म्हणजे १,२६,०००, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के म्हणजे ८४,००० आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के म्हणजे ४२,००० खर्च व्हायला हवेत. यात मुलांची चूक ठरलेली: टक्केवारी एकूण जमेवर काढतात. अनुदान वगळून फक्त स्वउत्पन्नावर काढायची. मागासवर्गीयांसाठीचा खर्च कमी पडला तर अनुशेष पुढच्या वर्षात येतो, हे नमुना २८ मधून दाखवता येतं. दुसरा परिच्छेद ठेकेदाराच्या बिलातून कपात न केल्याचा. गटाराचं बिल वस्तू व सेवा कर वगळून ३,००,००० धरा, ठेकेदार एकटा मालक. आयकराची कपात १ टक्का म्हणजे ३,०००. करार अडीच लाखांवर असल्याने वस्तू व सेवा कराची कपात २ टक्के म्हणजे ६,०००. बांधकाम कामगार उपकर १ टक्का म्हणजे ३,०००. एकूण १२,००० कापून सरकारकडे भरायचे. न कापता दिले तर ते नंतर ठेकेदाराकडून परत मिळवणं अवघड, आणि टिपणीतल्या दोन लाल परिच्छेदांपैकी एक नेमका हाच होता. ‘टीडीएस (बिलातून आधीच कापलेला कर) कापला म्हणजे पैसे गेले’ हा समज इथेच काढून टाका. विवरणपत्र भरलं की ती रक्कम ठेकेदाराच्या करात वळती होते. दोघाजणांनी घरी जाऊन मोठ्या भावाची पगाराची चिठ्ठी तपासली.

ताळमेळ हा सगळ्यात रिकामटेकडा वाटणारा आणि सगळ्यात उपयोगी भाग. मार्च २०२१ ची रोकड वही आणि पासबुक शेजारी ठेवून प्रत्येक नोंदीवर दोन्हीकडे टिकमार्क. उरलेल्या नोंदी तीनच प्रकारच्या निघाल्या. ३० मार्चला दिलेला धनादेश मार्चअखेरपर्यंत बँकेत वटला नव्हता, बँकेने कापलेले शुल्क वहीत नव्हते, आणि जमा झालेलं व्याज वहीत नव्हतं. तो धनादेश पुढेही वटला नसेल तर? धनादेशाची मुदत तीन महिने, तेव्हा तो रद्द करून रक्कम परत जमेला घ्यायला हवी होती. तसं झालं की नाही हे मार्चच्या पानांवरून कळत नाही, एप्रिल ते जुलै बघायला हवं. आम्ही एकच महिना मागितला ही आमची चूक. तुम्ही मार्च ते जुलै मागा. नंतर मुलांनी आपापली पासबुकं आणली. दहा वर्षांवरील मुलांना बँका स्वतंत्र बचत खातं चालवू देतात, पण वर्गातल्या बहुतेकांचं पासबुक शिष्यवृत्ती जमा झाली तेव्हा शेवटचं छापलेलं होतं. एसएमएसचं शुल्क कापलं जातं हे अनेकांना तेव्हाच कळलं.

मध्येच एक हातचा फायदा झाला. घरपट्टीच्या मागणी बिलावर सप्टेंबरअखेर भरल्यास ५ टक्के सूट असं छापलेलं होतं. मुलांनी ती ओळ घरी दाखवली. त्यातल्या काही घरांनी गणपती आटोपल्यावर जाऊन पट्टी भरली. नमुना १० ची पावती घेताना क्रमांक, तारीख आणि सही बघा. खाडाखोड असेल तर पावती बदलून घ्या आणि रद्द पावतीच्या सगळ्या प्रती पुस्तकातच राहिल्या पाहिजेत.

आता ग्रामसभा. १५ ऑगस्टच्या सभेत मुलं मागे बसून राहिली. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी ती संख्या लागते. झेंडावंदनाला होती ती माणसं सभेपर्यंत पांगली आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण नवा विषयही घेता येत नाही. त्यामुळे विषय सूचनेवर आधीच असायला हवा. अठरा वर्षांखालील मुलांना ग्रामसभेत मत नाही, प्रश्न पालकांनी विचारायचा. इतिवृत्ताच्या नऊ पानांत टिपणीबद्दल एकच ओळ होती: ‘लेखापरीक्षण टिपणीचे वाचन करण्यात आले, सभेने मान्यता दिली.’ महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ८ प्रमाणे वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे, म्हणजे मेअखेरपर्यंत, शेवटची टिपणी आणि तिला दिलेली उत्तरं ठेवायची असतात. उत्तरं दिलेलीच नव्हती, मग मान्यता कशाला दिली हे कुणाला सांगता येईना.

१५ सप्टेंबरला चार पालकांच्या सह्यांनी पत्र दिलं, पोच घेतली. २ ऑक्टोबरच्या सूचनेत विषय आला, चर्चा पाच मिनिटं झाली, ‘पूर्तता करून पुढील सभेत ठेवणे’ असं ठरलं. वर्गात एका सदस्याचा पुतण्या होता. त्याला या काळात घरी बोलणी बसली. आम्ही त्याच्या काकांना शाळेत बोलावून रंगवलेली टिपणी दाखवली, दोनच लाल आहेत हे दाखवलं, तेव्हा ते निवळले. हे आधी करायला हवं होतं. सरपंच, सदस्य आणि भाऊसाहेब यांना जुलैतच एकदा चहाला बोलवा.

९ ऑक्टोबरला २०२१-२२ च्या लेखापरीक्षणाचं पथक आलं. मुलांनी पुन्हा दिवस मोजले, ५५७. गेल्या वेळेपेक्षा ३६ नी कमी. पथकाने मागितलेल्या वह्यांची यादी टेबलावर होती, तिचा फोटो भाऊसाहेबांच्या परवानगीने घेतला. तपासणी चालू असताना मुलांना तिथे बसवू नका, पथकाचं कामच त्यामुळे लांबतं.

२६ जानेवारी २०२४ ला भाऊसाहेबांनी बाराही परिच्छेद वाचून दाखवले. पाचांची पूर्तता कागद जोडून पंचायत समितीमार्फत गेली होती. परिच्छेद वगळायचा की नाही ते लेखापरीक्षा कार्यालय ठरवतं, पंचायतीने ‘पूर्तता केली’ म्हटल्याने तो संपत नाही. ठेकेदाराला वसुलीचं पत्र गेलं होतं. दुसरा लाल परिच्छेद आणि गोळ्यांचा परिच्छेद तसाच आहे. जुन्या ग्रामसेवकांना पत्र दिलं आहे, उत्तर नाही.

आठ महिन्यांचा खर्च ८६२ रुपये: स्टॅम्प १०, प्रती ९२, वह्या ६४०, वर्गासाठी झेरॉक्स १२०. पुढचा अर्ज जून उजाडताच द्यायचा आहे आणि त्यात वर्ष २०२१-२२ असेल. टिपणी मात्र मेमधल्या ग्रामसभेपुढे आली पाहिजे आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. चावडीसमोर राहणाऱ्या दोघी जणींनी सूचना फलकावर लागली की फोटो पाठवायचं कबूल केलं आहे.